पाचशे प्रती

पहिली प्रत मशीनमधून उलटी बाहेर आली, म्हणून मला आधी आमची खिडकी दिसली, मग खोलीतल्या मैत्रिणीचा, टाचणीचा, जाड विणीचा स्वेटर, आणि सगळ्यात शेवटी मी. मी ताट पुढे करून बसले होते. तोंड अर्धवट उघडं, डोळे वर, वाढणाऱ्या बाईंच्या हाताकडे लागलेले. दुसरी प्रत आली, तिसरी आली, आणि प्रत्येकीत माझं ताट तसंच पुढे. मी एक प्रत उचलून सुलटी केली. वर ठळक अक्षरात 'सणाचा घास, गरजूंच्या मुखी'. खाली बारीक अक्षरात 'परगावच्या गरजू विद्यार्थिनींना सणाचं भोजन देताना आपल्या विभागातील ज्येष्ठ समाजसेविका'. एवढ्याशा पत्रकात गरजू दोन वेळा. एकदा म्हणून भागलं नव्हतं. मूळ कागद मालकांनीच काचेवर पालथा ठेवला होता, आकडा घातला होता, आणि मला म्हणाले होते, "बटण दाब आणि ट्रेमधला कागद संपला की भर. पाचशे हव्यात. मंडळाचं काम आहे, उद्या सकाळी न्यायला येतील." मी बटण दाबलं होतं. मीच. झेरॉक्सच्या दुकानात दोन वर्षं काम करून मी लोकांची लग्नाची प्रमाणपत्रं, मयताचे दाखले, घटस्फोटाचे कागद, परीक्षेत नापास झाल्याच्या गुणपत्रिका सगळं न बघता काढत आले, कारण न बघणं हाच या कामातला सभ्यपणा आहे. आता माझंच तोंड मशीन तीन-तीन सेकंदांनी बाहेर थुंकत होतं आणि मी न बघता राहायचं कसं?

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती गेली. पण मी उभी राहिले. राग आला की माझं असं होतं, अंग थंड पडतं आणि हात नीट काम करायला लागतात. मी बाहेर येणाऱ्या प्रतींच्या कडा जुळवत राहिले. शंभर झाल्या. शंभरांचा गठ्ठा मी टेबलावर आपटून सारखा केला, सवयीनं. त्या गठ्ठ्याच्या कडेला बोट लावलं तर ती कोमट होती. दुसऱ्या गठ्ठ्याच्या वेळी मला फोटोतली एकेक वस्तू दिसायला लागली. ताट माझं. पातेलं खोलीतल्या तिसरीचं, गणितीचं, तिच्या बहिणीनं दिलेलं, एका कानाचं. टेबल म्हणजे माझा चित्रफलक, ज्यावर मी जहाजांचे आराखडे काढते, तो दोन पेट्यांवर आडवा टाकलेला. चादर टाचणीची. मागे खिडकीला ज्या रंगीत पट्ट्यांच्या माळा होत्या त्या याच दुकानातल्या, कटरखाली पडलेल्या कागदाच्या कातरणांच्या. पातेल्यातला मासा आमचा, भात आमचा, मीठ आमचं. त्या फोटोत त्या बाईंचं म्हणून जर काही असेल तर त्यांचा हात. आणि त्या हातात डाव होता. तो डाव त्यांच्या हातात मी दिला होता.

दोनशे दहा झाल्यावर मी मशीनचं बाजूचं दार उघडलं. दार उघडलं की मशीन बंद पडतं, एवढं तरी त्याला कळतं. मालकांनी काउंटरवरून मान वळवली. मालक मनानं वाईट नाहीत, फक्त सणाच्या दिवसांत त्यांना गिऱ्हाइकाशिवाय दुसरं काही दिसत नाही. "काय झालं?" "तापलंय. थोडं थंड होऊ दे." "बरं मग तू जेवून ये. चारपर्यंत आलीस तरी चालेल." त्यांनी पत्रकाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, वरची प्रत उचलून नाकाजवळ नेली, चष्मा वर केला. मला वाटलं आता ओळखणार. त्यांनी प्रत परत ठेवली आणि म्हणाले, "डावीकडे जरा फिकट येतंय का गं?" डावीकडे मी होते. मी म्हटलं, "येऊ दे फिकट." एक प्रत घडी घालून मी खिशात टाकली आणि बाहेर पडले.

बाहेर सगळा रस्ता सणानं नुसता फुगलेला. दिव्यांच्या माळा भरदुपारी चालू, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यानं हलताहेत आणि उन्हात दिसत काहीच नाही. कापडाच्या दुकानावर फलक, 'विद्यार्थ्यांसाठी खास सवलत'. केसांच्या दुकानावर 'विद्यार्थ्यांसाठी खास सवलत'. एका दुकानात तर सोफा होता आणि त्यावरही विद्यार्थ्यांसाठी सवलत. सोफा! आमच्या खोलीत तिघी एकदम उभ्या राहिलो तर एकीला दाराबाहेर जावं लागतं. गेला महिनाभर वर्तमानपत्रं आम्हाला कमी खर्चात सण कसा साजरा करावा ते शिकवत होती. धक्क्यावर फिरायला जा, समुद्र फुकट आहे. चौकातला वाद्यवृंद ऐका, तोही फुकट आहे. जुन्या कागदाची फुलं करा. लिहिणाऱ्यांना काय वाटतं कोण जाणे, आम्हाला फुकट काय आहे ते माहीत नसेल! या शहरात फुकट काय आहे ते आमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. कुठल्या वाचनालयातला पंखा जोरात फिरतो, कुठल्या बँकेत पाणी गार असतं, कुठल्या बेकरीत शनिवारी तुटकी बिस्किटं मिळतात. आम्हाला एकदा तरी फुकट नसलेलं काही करायचं होतं. आपल्या पैशानं. तेवढाच तर आमचा सण होता.

ही कल्पना माझी. टाचणी म्हणाली, छान जेवू, तिघी, बास. टाचणी बारीक आहे आणि टोचून बोलते, म्हणून टाचणी. मी म्हटलं, नाही, पाहुणं हवं. पाहुणं नसेल तर ते नुसतंच जेवण, रोज जेवतो तसं. गणिती हसली, ती गणित शिकते आणि कमी बोलते. तिनं विचारलं, "कुणाला बोलवायचं? आपल्याला कोण आहे इथे?" तेव्हा मला खालच्या मजल्यावरच्या काकू आठवल्या. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. वयानं आजी म्हणाव्या अशा, पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "आजी म्हणालात तर भाडं वाढवेन." एकट्या राहतात. कानानं थोड्या कमी. महिन्याच्या पहिल्या तारखेला जिन्यात भेटतात, नळ टपकतोय का विचारतात आणि टपकत असला तरी काही करत नाहीत. मी खाली जाऊन दार वाजवलं आणि म्हटलं, "काकू, सणाच्या दिवशी दुपारी आमच्याकडे जेवायला याल?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वर?" "हो, वर." "कशासाठी?" "जेवायला." त्यांनी दार धरलं होतं ते सोडलं आणि म्हणाल्या, "येते. पण मला काटे चालत नाहीत." जिना चढताना मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या घरी बोलावलं होतं.

सणाच्या सकाळी मी आणि गणिती बंदरावर गेलो. लिलाव संपून फरशी धुवायला पाण्याचे पाइप सोडतात त्या वेळी भाव उतरतो, हे मला माझ्या वर्गातल्या एकानं सांगितलं होतं. मासेवाली बाई टोपल्या आवरत होती. एक मोठा मासा होता, शेपूट फाटलेलं. तिनं भाव सांगितला, मी अर्धा केला, तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं. माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला, त्यातून फरशीवरचं पाणी आत आलं होतं आणि मोजा काळा पडला होता. ती म्हणाली, "घेऊन जा. पण सण आहे, उपास नाही, तोंड असं का केलंय?" मी म्हटलं, "पैसे देतेय, तोंड माझं आहे." ती इतकी हसली की तिनं काटेसुद्धा काढून दिले, एकेक, चिमट्यानं, माझ्या काकूंसाठी. घरी आल्यावर एका शेगडीवर आळीपाळीनं भात आणि मासा. तिघींच्या चार वेगळ्या आकारांच्या ताटल्या. गणितीनं ताटल्या पुसून उन्हात ठेवल्या. टाचणीनं सगळ्यांना सांगून ठेवलं की भात कमी पडला तर आपण तिघींनी भूक नाही म्हणायचं. हे कुणीही न शिकवता आम्हाला येत होतं.

आता तो डाव. आमच्या घरात एक पद्धत होती, बाबांची. ती त्यांनी कुठून आणली माहीत नाही, मी आणखी कुठे पाहिली नाही. जेवायला बसलं की तिथे जो वयानं सगळ्यात मोठा असेल त्यानं पहिला डाव सगळ्यांच्या ताटात घालायचा, मग तो घरचा असो की पाहुणा, की दारात पत्ता विचारायला आलेला माणूस असो. एकदा वीज-मीटर बघायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात बाबांनी डाव दिला होता आणि तो बिचारा गांगरून माझ्याच ताटात दोनदा घालून बसला. बाबा म्हणायचे, मोठ्या माणसाला नुसतं ताटावर बसवलं की तो पाहुणा होतो, डाव दिला की घरचा होतो. बाबा गेल्यावर आई डाव स्वतःच घ्यायची, कारण तीच मोठी. म्हणून त्या दुपारी, काकू आमच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसल्या आणि आम्ही पेट्यांच्या कडेनं खाली बसलो, तेव्हा मी न विचार करता डाव त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "हे काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे असंच असतं. पहिला डाव तुमचा." त्या उठल्या. त्यांनी पातेल्यात डाव घातला आणि भरून माझ्या ताटावर धरला. आणि नेमका तेव्हाच त्यांचा भाचा दारात उभा राहिला.

भाचा म्हणजे मंडळाचा सचिव. त्याचा शर्ट नेहमी इस्त्रीचा. मावशीची औषधं द्यायला आला होता, खाली कुलूप पाहून वर आला. मी उठून म्हटलं, "या ना, बसा, जेवा." मनापासून म्हटलं, एका ताटलीचा प्रश्न होता तरी म्हटलं. तो म्हणाला, "नाही नाही, मी जेवून आलोय." त्यानं सगळीकडे नजर फिरवली, खिडकीच्या माळा, पेट्या, एका कानाचं पातेलं. मग खिशातून फोन काढला. "मावशी, थांब, अशीच थांब. मुलींनो, जरा इकडे बघा. नको, मावशीकडेच बघा." आम्ही मावशीकडे बघितलं. फोटो काढताना आपण सांगितलेलं ऐकतो, का ऐकतो ते मला अजून समजलेलं नाही. लहानपणी फॅक्टरीच्या आवारात आम्हा कामगारांच्या मुलांना रांगेत उभं करून सणाचं पाकीट द्यायचे, तेव्हाही फोटोवाला म्हणायचा, "बाळ, साहेबांकडे बघ." पाकिटात वही, पेन्सिल, साबण आणि चार गोळ्या. पाकीट साहेबांच्या हातात, माझ्या हातात, दोघांच्या हातात, आणि मी ओढून घेणार तर साहेब सोडेनात, कारण फोटो व्हायचा होता. मी सात वर्षांची होते आणि मला स्पष्ट आठवतं की मला पाकीट नको होतं, मला साहेबांचा हात चावायचा होता. आईनं आदल्या दिवशी माझा फ्रॉक दोनदा इस्त्री केला होता. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी इस्त्री करायची आणि घरी येऊन माझा फ्रॉक, घेणाऱ्यांच्या रांगेत मी नीट दिसावी म्हणून. बाबा गेल्यावरही दोन वर्षं पाकीट आलं. तिसऱ्या वर्षी आलं नाही तेव्हा आई रडली आणि मी अंगणात जाऊन नाचले. तिला ते कधीच सांगितलं नाही.

दुकानातून मी घरी पोचले तेव्हा खोलीत टाचणी एकटीच होती, पलंगावर आडवी, नखं कापत. मी पत्रक तिच्या पोटावर टाकलं. तिनं पाहिलं आणि आधी तर ती हसली. "माझा स्वेटर बघ, काय भयंकर दिसतोय." मग वाचलं. "समाजसेविका!" पुन्हा हसली. मी हसत नाही पाहून ती उठून बसली. "अगं, एवढं काय? कोण बघतं पत्रकं? लोक त्यावर भेळ खातात." "पाचशे जण बघणार." "बघू दे. तुला माहितीये का, हे मंडळ गरजूंची फी भरतं म्हणे. गणितीची या सत्राची फी थकलीये. फोटो छापलाच आहे तर आपण..." "आपण काय?" माझा आवाज असा आला की ती थांबली. "आपण गरजू नाही," मी म्हटलं. टाचणीनं माझ्या बुटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आहोत की गं. आहोतच ना. त्यात लाज कसली?" ती बरोबर होती, आणि म्हणूनच मला तिचा सगळ्यात जास्त राग आला. लाज गरजेची नाहीच. मला गरज आहे, बुटाची आहे, फीची आहे, चांगल्या दिव्याची आहे, विचारा, यादी देते. पण त्या दुपारी मला गरज नव्हती! वर्षातल्या त्या एका दुपारी माझ्याकडे जास्त होतं, इतकं की मी दुसऱ्याला दिलं, आणि त्यांनी नेमकी तीच दुपार उचलली. बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांतला कुठलाही दिवस घ्यायचा होता. खोटं नसतं ठरलं. मी पत्रक उचललं आणि खाली गेले.

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात चष्म्याचं फडकं होतं. मी पत्रक पुढे केलं. त्या ते घेऊन खिडकीपाशी गेल्या, वाचलं, आणि त्यांना काही नवीन वाटलं नाही हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. "बस," त्या म्हणाल्या. "मी बसणार नाही. काकू, ते जेवण कुणी घातलं?" "तुम्ही." "मग हे काय लिहिलंय?" "भाच्यानं लिहिलं." "त्याला कुणी सांगितलं?" त्या वळल्या. मला वाटलं होतं आता रडतील किंवा काखा वर करतील. पण त्यांचा चेहरा माझ्याइतकाच तापलेला होता. "कुणी सांगितलं ते तू विचारतेस? तुझ्या आईनं सांगितलं!"

ही गोष्ट मी इथवर सांगितली नाही. विसरले नव्हते. पण रागावलेल्या माणसाला सगळं आठवायचं नसतं. आईनं सणाआधी पैसे पाठवले होते, बुटांसाठी. सणाच्या संध्याकाळी तिचा फोन आला, आधी विचारलं, "बूट घेतलेस?" मी म्हटलं, घेतले. "कसे आहेत?" काळे आहेत म्हटलं. मग तिनं विचारलं, "आणि सणाला काय केलंत?" मासा आणला, पाहुणं बोलावलं म्हणाले असते तर पैसे कुठून आले ते तिनं त्याच श्वासात विचारलं असतं. तिला हिशोब बसून करावा लागत नाही, तिच्या डोक्यात तो चालूच असतो. म्हणून मी म्हटलं, "घरमालकीणबाईंनी जेवायला घातलं आम्हाला." किती सहज म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. आई म्हणाली, "देव भलं करो त्यांचं." आणि मी म्हटलं, हो.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन," काकू सांगत होत्या. "तू आईला पाठवलेल्या पत्त्याच्या कागदावर माझा नंबर आहे ना. मला ऐकू येत नाही म्हणून मी आवाज मोठा करून ठेवते, सगळ्या खोलीत ऐकू जातं. भाचा इथे बसलेला. ती म्हणाली, माझ्या मुलीला तुम्ही सणाला पोटभर जेवायला घातलंत, तुमचे उपकार कसे फेडू. रडत होती. आता मी तिला काय सांगायचं होतं? की तुमची मुलगी खोटं बोलली? तू सांग, काय सांगायचं होतं?" मी खिडकीबाहेर बघितलं, तिथे काही नव्हतं. "मी म्हटलं, अहो त्यात काय एवढं. बास. भाचा लगेच म्हणाला, मावशी, तू एवढं केलंस आणि बोलली नाहीस! त्याच्याकडे फोटो होताच." त्या खुर्चीत बसल्या. फडक्यानं चष्मा पुसत राहिल्या, पुसून झालेला. "आणि खरं सांगू का? मला ते बरं वाटलं. तुला राग आलाय, येऊ दे. पण तू त्या दिवशी माझ्या दारात आलीस तेव्हा मला काय वाटलं ते विचारलंस? सख्खा भाचा याच गावात, त्यानं सणाला ये म्हटलं नाही, औषधं घेऊन आला. आणि वर भाड्यानं राहणाऱ्या पोरी मला जेवायला बोलावतात. म्हणजे कीवच ना? म्हातारी एकटी आहे, घाला हिला दोन घास! घर माझं आहे. मी जिना चढताना तीनदा परत फिरणार होते."

"कीव नव्हती," मी म्हटलं. "मग काय होतं?" काय होतं? पाहुणं हवं होतं. कुणीही चाललं असतं. त्या आल्या कारण त्या जवळ होत्या आणि जिना उतरला की भेटत होत्या. त्यांचं एकटेपण माझ्या डोक्यात आलंसुद्धा नव्हतं, हे कीव असण्यापेक्षा चांगलं की वाईट ते मला ठरवता येईना. "मला कुणाला तरी वाढायचं होतं," मी म्हटलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, बोलवायला गेले तेव्हा दारात बघितलं होतं त्याहून जास्त वेळ. "मलाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग होताच. त्यांना माझा होता. समजून घ्यावं, सोडून द्यावं, असं त्या वेळी वाटायला हवं होतं म्हणे. मला वाटलं नाही. मी म्हटलं, "काकू, दोनशे दहा काढल्यात, त्या मी रद्दीत टाकेन. पुढच्या मी काढणार नाही. मालकांनी काढून टाकलं तरी नाही." "नोकरी घालवू नकोस. मी सांगते भाच्याला, तुझ्यासमोर सांगते, हे आमच्या वरच्या मुलींनी केलेलं जेवण होतं आणि मी पाहुणी होते. मला जड जाणार आहे, पण सांगते." त्यांनी फोन उचलला, आणि मग तो उघडायच्या आधी माझ्यापुढे धरला. "पण आधी तू. माझ्या तोंडून भाच्याला कळलं तर तुझी आई त्याच्या लेखी खोटी पडेल. खोटी ती नाही. आधी तिला सांग."

मी फोन घेतला. एवढा वेळ जो राग पाचशे प्रतींना पुरून उरेल असा होता, तो आईच्या नंबरापुढे आखडला. सांगायचं म्हणजे बूट नाहीत हे सांगायचं, आणि पैसे उडवले हे सांगायचं, आणि तू एका परक्या बाईपुढे उगाच रडलीस हे सांगायचं. न सांगणं किती सोपं होतं. गणितीची फी भरली गेली असती. काकूंना बरं वाटलं असतं. आई समाधानात राहिली असती की शहरात लेकीला विचारणारं कुणीतरी आहे. सगळ्यांचं भलं होत होतं आणि त्यासाठी फक्त मी ताट पुढे करून बसायचं होतं, कायमची. मी नंबर दाबला. काकूंचा फोन, आवाज मोठाच, खोलीभर घंटी.

"हॅलो? कोण? अगं तू? या नंबरवरून कशी? तब्येत बरी आहे ना?" मागे इस्त्रीच्या मोठ्या रुळांची घरघर. ती कामावर होती. "आई, बरी आहे. ऐक. मी बूट घेतले नाहीत." "काय?" "बूट नाही घेतले. त्या पैशाचा मासा आणला. सणाला जेवण आम्ही केलं, वर, खोलीत. मी केलं. काकूंनी नाही घातलं, मी काकूंना बोलावलं होतं. तुला खोटं सांगितलं." नुसती घरघर. मग तिचा आवाज, बारीक आणि धारदार, लहानपणी ज्यानं मी पलंगाखाली जायची तो. "म्हणजे मी त्या बाईंचे उपकार मानले ते..." "हो." "माझी शोभा केलीस परक्या माणसांपुढे." "हो." "आणि इकडे मी सगळ्यांना सांगत बसलेय, काळे बूट घेतलेत पोरीनं. पाय ओले घेऊन फिरतेस?" "हो." "हो काय, हो काय! तुझ्या जिवाला काही झालं तर? कोणी सांगितले होते तुला हे धंदे? आपल्याला परवडतं का लोकांना जेवायला बोलवणं?" "नाही परवडत," मी म्हटलं. "पण मी बोलावलं." समोर काकू मांडीवरच्या पत्रकाकडे बघत होत्या, सगळं ऐकू जात होतं त्यांना. पलीकडून कुणीतरी आईला हाक मारली, तिनं "थांब गं, मुलीचा फोन आहे" असं ओरडून सांगितलं. घरघर थोडी लांब गेली. ती मशीनपासून दूर, बहुतेक जिन्यात जाऊन उभी राहिली असावी. मला वाटलं, आता ठेवेल.

"किती माणसं होती?" तिनं विचारलं.

"चार."

"त्या बाई धरून?"

"धरून."

तिचा आवाज बदलला. घरी माणसं येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी नळावर बायका एकमेकींशी बोलतात त्या आवाजात तिनं विचारलं, "पुरलं का सगळ्यांना?"

"पुरलं," मी म्हटलं. "उरलंसुद्धा."